आन्झा-बोरेगोतली पांढरी रानफुलं ओळखायची कशी

कॅलिफोर्नियातल्या आन्झा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्कमधून मार्चमध्ये परतलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये वाळूवर पसरलेल्या जांभळ्या-गुलाबी फुलांचे फोटो असतात, आणि त्यांच्या अधूनमधून उठून दिसणारी मोठी पांढरी फुलं. जांभळ्याचं नाव कुणी ना कुणी सांगतं, सँड व्हर्बिना. पांढऱ्याबद्दल विचारलं की ‘कुठलंतरी प्रिमरोझ’ इथवर गाडी येऊन थांबते. लहान पांढऱ्या फुलांची तर कुणी चौकशीच करत नाही. सगळ्या डेझी आणि सगळं ‘गवतफूल’, विषय संपला.

पांढरी फुलं अवघड जातात याचं कारण साधं आहे. या वाळवंटात सूर्यफुलाच्या कुळापासून मोहरीच्या कुळापर्यंत, तंबाखूच्या कुळापासून लिलीसारख्या दिसणाऱ्या कंदवर्गापर्यंत सगळीकडे पांढरा रंग आहे. त्यातली बरीचशी फुलं संध्याकाळी उमलून रात्री पतंगांची वाट बघतात, आणि अंधारात पांढराच रंग कामाचा. त्यामुळे रंगवार मांडलेलं पुस्तक घेऊन गेलात तर पांढऱ्याचं जाडजूड प्रकरण चाळता चाळता ऊन डोक्यावर येईल. माझं सांगणं असं, की रंग सोडून द्या आणि या क्रमाने बघा: झाड कुठल्या जमिनीत उगवलंय, किती वाजलेत, पाकळ्या किती आहेत आणि त्या खरंच पाकळ्या आहेत का, फुलाची मागची बाजू कशी आहे, आणि शेवटी चीक, लव, काटे, वास.

आपल्याकडून गेलेल्या माणसाला एक फायदाही आहे. इथल्या पांढऱ्या फुलांपैकी बऱ्याच जणांचे भाऊबंद महाराष्ट्रातल्या अंगणात, शेताच्या बांधावर किंवा स्वयंपाकघरात आहेत. गुलबाक्षी, धोत्रा, हळीव, इसबगोल ज्याला माहीत आहेत त्याने निम्मी वाट आधीच चाललेली आहे.

कधी जायचं, सोबत काय घ्यायचं

हा कॅलिफोर्नियातला सर्वांत मोठा स्टेट पार्क, ६ लाख एकरांहून मोठा. सॅन डिएगोहून गाडीने साधारण २ तास लागतात. बोरेगो स्प्रिंग्ज हे गाव पार्कच्या पोटातच आहे. पार्कची उंची समुद्रसपाटीच्या जवळपासून ६,००० फुटांच्या आसपास जाते, त्यामुळे ‘फुलांचा हंगाम’ अशी एक तारीख नसते. सखल वाळूत फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत बहर असतो. उतारांवर तो मार्चअखेरीस आणि एप्रिलमध्ये येतो, डोंगरावर त्याहून उशिरा. पाऊस सरासरीने वर्षाला ६ इंचांच्या आतबाहेर, तोही कधी अर्धाच. वर्षायू झाडांच्या बिया वर्षानुवर्षं वाळूत पडून असतात. शरदाच्या शेवटी किंवा हिवाळ्याच्या सुरुवातीला एक चांगला भिजवणारा पाऊस झाला, आणि पुढे थोड्याथोड्या अंतराने सरी येत राहिल्या, तरच त्या उठतात. २०१७ आणि २०१९ साली हे गणित असं जुळलं की गावात गाड्या लावायला जागा उरली नव्हती. बाकीची वर्षं शांत असतात, आणि ओळख शिकायला खरं तर तीच बरी.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. यावर खर्च थोडाच होतो, पण त्याच्याशिवाय या लेखातला अर्धा भाग वाया जाईल. मिलिमीटरची पट्टी, नसेल तर अमेरिकन क्वार्टर नाणं चालतं, त्याचा व्यास २४ मिलिमीटर. वही-पेन्सिल, गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई, आणि एक कंगवा. कंगवा केसांसाठी नाही. चोया नावाचं निवडुंग इथे सगळीकडे आहे, त्याचा तुकडा बुटाला किंवा पोटरीला चिकटला की हाताने ओढू नये, कंगवा खाली सरकवून उडवावा. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर. मार्चपासून रॅटलस्नेक हे विषारी साप बाहेर पडतात, त्यामुळे झुडपाखालचं फूल बघायला हात घालण्याआधी तिथे कोण बसलंय ते बघावं. फुलं तोडायला, रोप उपटायला पार्कमध्ये मनाई आहे. पुढे सांगितलेलं सगळं फूल झाडावर ठेवूनच करता येतं.

आधी जमीन बघा, मग घड्याळ

झाडाजवळ वाकण्याआधी पायाखाली बघा. (इथे येणारी नावं पुढे एकेक करून उलगडतील.) हेंडरसन कॅन्यन रोड आणि डी जॉर्जिओ रोडच्या बाजूची मोकळी, भुसभुशीत वाळू हे मोठ्या ड्यून प्रिमरोझचं राज्य. गावाच्या पूर्वेला, एस-२२ रस्त्यावरच्या अरोयो सलाडोच्या बाजूला वाळू आणि बारीक खडीच्या सपाटीवर डेझर्ट लिली मिळते. डोंगराच्या पायथ्याशी खडीचे उतार असतात, तिथे डेझर्ट स्टार, पिनकुशन आणि बारीक फॉर्गेट-मी-नॉट. कोरड्या ओढ्यांना इथे वॉश म्हणतात. त्यांच्या काठी झुडपांच्या आडोशाने चिकोरी, विशबोन आणि धोत्रा. खडकाच्या भेगांत रॉक डेझी आणि रानतंबाखू. झऱ्याकाठच्या खारवट ओलीत रानभुरुंडी. एवढं वहीत टिपलंत की नावांची यादी आपोआप निम्म्यावर येते. याला अपवाद असतात. पुराच्या पाण्याने वाहून आलेलं बी भलत्याच जागी उगवतं, पण सुरुवात करणाऱ्याने अपवादांच्या मागे लागू नये.

घड्याळाचा नियम त्याहून महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. सॅन डिएगो किंवा अर्वाइनहून सकाळी निघून दुपारी १२ ते ३ फुलं बघून परतायचं, हा नेहमीचा बेत पांढऱ्या फुलांसाठी अगदी उलटा आहे. ड्यून प्रिमरोझ संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापलं की मिटतं, ढगाळ हवेत जरा जास्त टिकतं. ब्राउन-आइज, धोत्रा, विशबोन, ईव्हनिंग स्नो ही सगळी दुपार कलल्यावर किंवा त्यानंतर जागी होतात. याउलट चिकोरी आणि डेझी प्रकारातली फुलं ऊन चढल्यावर पूर्ण उघडतात. तेव्हा दुपारी ४ च्या सुमारास पोचा, अंधार पडेपर्यंत वाळूत थांबा, गावात मुक्काम करा, सकाळी लवकर पुन्हा वाळूत जा आणि १० नंतर खडीच्या उतारांकडे वळा. रात्री थांबण्याचा आणखी एक लाभ म्हणजे आकाश. बोरेगो स्प्रिंग्जने रात्रीचे दिवे मुद्दाम मंद ठेवलेले आहेत.

पाकळ्या मोजा

इथून खरी ओळख सुरू होते. फूल समोर धरून, म्हणजे स्वतः वाकून, पाकळ्या मोजायच्या. चार, पाच, सहा, पुष्कळ, की सगळं जुळून एक नळी? या पाच रांगांत जवळजवळ सगळी पांढरी फुलं बसतात.

चार पाकळ्या: प्रिमरोझ की मोहरी?

चार पाकळ्या दिसल्या की फूल बाजूने बघा. पाकळ्यांच्या खाली देठासारखा लांबट भाग असेल आणि त्याच्याच बुडाशी फळ धरत असेल, म्हणजे बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली असेल, तर ते प्रिमरोझचं कुळ. बीजांडकोश पाकळ्यांच्या आत, मधोमध उभा असेल तर मोहरीचं कुळ. पुंकेसर मोजता आले तर आणखी पक्कं होतं, प्रिमरोझमध्ये सहसा ८, मोहरीत जास्तीत जास्त ६.

प्रिमरोझमध्ये पहिलं नाव ड्यून प्रिमरोझचं, इनोथेरा डेल्टॉइडीस. फूल मोठं, तळहाताच्या खोलगट भागात मावेल एवढं, पाकळ्या कागदासारख्या पातळ, टोकाशी खाच असल्याने बदामी आकाराच्या. कळ्या खाली मान घालून लोंबतात. जुनी खोडं पांढरट, साल सुटणारी. सुवास मंद गोड. हे रोप वाळलं की त्याच्या बाहेरच्या फांद्या वर वळून पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा सांगाडा तयार होतो, आणि तो पुढच्या हंगामापर्यंत वाळूत पडलेला सापडतो. फुलं नसलेल्या वर्षीही त्या सांगाड्यावरून ही जागा कुणाची ते कळतं. रोपावर जाडजूड, मागे शिंग असलेल्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा व्हाइट-लाइन्ड स्फिंक्स या पतंगाच्या. हेच पतंग मोठे झाले की अशा फुलांवर रात्री घिरट्या घालतात. चांगल्या वर्षी अळ्या एवढ्या होतात की दक्षिण अमेरिकेहून उत्तरेला निघालेले स्वेन्सन्स हॉक हे ससाण्यासारखे शिकारी पक्षी बोरेगोच्या दरीत उतरून त्यांच्यावर ताव मारतात.

दुसरं ब्राउन-आइज, कायलिस्मिया क्लॅव्हिफॉर्मिस. फूल बरंच लहान, पांढरं, मधोमध तपकिरी डाग. फुलांचा तुरा वर, पानं मुख्यतः बुडाशी, शेंग टोकाकडे फुगत गेलेली. याच्या काही उपजाती पिवळ्या फुलतात, हे लक्षात ठेवा.

या दोघांत गोंधळ झालाच, उदाहरणार्थ एखादं खुरटलेलं ड्यून प्रिमरोझ पुढ्यात आलं, तर कुक्षी बघा. फुलाच्या मधून बाहेर आलेल्या बारीक दांडीच्या टोकाशी अधिकचिन्हासारखे चार फाटे असतील तर ते इनोथेरा. तिथे छोटा गोळा असेल तर कायलिस्मिया किंवा त्याच्या जवळचं कुणी. भिंगाचीही गरज पडत नाही, आणि फसवत नाही. पांढऱ्या फुलांतली मला सर्वांत आवडणारी खूण हीच.

मोहरी कुळात पेपरवीड भेटतं, लेपिडियम लॅसिओकार्पम. फुलं इतकी बारीक की ती दिसतच नाहीत, दिसतात त्या चपट्या, गोल, टोकाशी खाच असलेल्या, लव असलेल्या शेंगा. हे हळिवाच्या प्रजातीतलं झाड (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट). डिंकाच्या लाडवांच्या बाजूला ठेवलेल्या हळिवाच्या लाडवांचा हा वाळवंटी चुलतभाऊ. मोहरीच्याच कुळातली सहारा मोहरी मात्र फिकट पिवळी, बाहेरून आलेली आणि दांडगट. ती फोफावली की स्थानिक रानफुलांना जागाच उरत नाही. स्वयंसेवक ती हंगामात उपटत असतात. उन्हाने विटलेलं तिचं फूल लांबून पांढरट वाटतं, तेवढ्यापुरती तिची ओळख असू द्या.

चार पाकळ्यांतच, पण वेगळ्या कुळातला, इसबगोल. प्लँटॅगो ओव्हाटा. होय, उत्तर गुजरातेत ज्याची शेतं असतात आणि ज्याच्या बियांचा भुसा आपण पाण्यात घालून घेतो, तीच जाती इथे रानात उगवते. वीतभर उंची, रेशमी लव असलेली अरुंद पानं, आखूड कणीस, आणि त्यावर कागदी, जवळजवळ पारदर्शक चार पाकळ्या. लोक यावरून चालत जातात आणि गवत समजतात.

पुष्कळ पाकळ्या: डेझीचा घोळ

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून इथे थांबून बघू. सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला फूल म्हणतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो, आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ म्हणजे एक अख्खं फूल. मग पहिला प्रश्न: मधोमध वेगळी पिवळी चकती आहे का?

चकती नाही, सगळ्या पट्ट्या पांढऱ्या, आणि पट्टीच्या टोकाला बारीक दाते आहेत. मग उरतात दोघं. डेझर्ट चिकोरी, म्हणजे राफिनेस्किया निओमेक्सिकाना, आणि व्हाइट टॅकस्टेम, म्हणजे कॅलिकोसेरिस रायटाय. दोघांनाही दुधासारखा चीक, दोघांच्या पट्ट्यांच्या मागे गुलाबी-जांभळट झाक. समोरून काढलेल्या फोटोवरून यांच्यातला फरक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. देठ बघा. फुलाच्या खालच्या देठावर टाचणीच्या डोक्यासारख्या बारीक, रंगीत ग्रंथी असतील तर टॅकस्टेम. देठ गुळगुळीत असेल आणि फुलाच्या बुडाशी असलेल्या हिरव्या छदांपैकी, म्हणजे पानासारख्या पट्ट्यांपैकी, बाहेरची आखूड छदं मागे वळलेली असतील तर चिकोरी. इथे चिकोरीच खूप जास्त भेटते. तिचं खोड कमजोर असतं, त्यामुळे ती बहुधा एखाद्या झुडपाच्या पोटातून, त्याच्या फांद्यांचा आधार घेत वर येते, आणि बघणाऱ्याला वाटतं झुडपालाच फुलं आलीत. फूल सरलं की म्हातारीचे पांढरे केस उडायला लागतात.

चकतीही नाही आणि पट्ट्याही नाहीत, नुसता टाचण्या टोचलेल्या उशीसारखा पांढरा गोळा असेल तर पिनकुशन, प्रजाती चिनॅक्टिस. तिघं जण आहेत. फ्रिमॉन्ट पिनकुशनची पानं जराशी मांसल, अरुंद, एखाददुसऱ्या जोडीचे फाटे असलेली, आणि फुलोऱ्यावर येईपर्यंत रोप जवळजवळ गुळगुळीत. गोळ्याच्या कडेची फुलं मधल्यांपेक्षा ठळक मोठी. चिनॅक्टिस स्टेव्हिऑइडीसची पानं जास्त फाटलेली आणि कोळ्याच्या जाळ्यासारखी लव धरलेली. पेबल पिनकुशन, म्हणजे चिनॅक्टिस कार्फोक्लिनिया, खडीच्या तापलेल्या जमिनीवर, पानं बारीक बारीक कातरलेली, छदांची टोकं सुईसारखी अणकुचीदार, आणि कडेची फुलं मोठी नसतात. तिसऱ्याची छदं एकदा भिंगाखाली बघितली की पुन्हा चूक होत नाही. पहिल्या दोघांत मात्र कधीकधी घुटमळायला होतं, तेव्हा वहीत नुसतं ‘चिनॅक्टिस’ लिहून पुढे जावं.

पिवळी चकती आणि भोवती पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे शाळेत काढायचो तसली डेझी. जमिनीला चिकटलेली, दोन बोटंही उंच नसलेली आणि खडीवर असेल तर डेझर्ट स्टार, मोनॉप्टिलॉन बेलिऑइडीस. हे बघायला पालथं पडावं लागतं, चटई त्यासाठीच आणलेली आहे. कोरड्या वर्षी अख्खं रोप म्हणजे एक फूल, ओल्या वर्षी ताटलीएवढा गुच्छ. खडकाच्या भेगेत, गुडघ्यापर्यंत वाढलेलं, रुंद आणि करवती कडांची पानं असलेलं असेल तर एमरी रॉक डेझी, पेरिटिली एमोरायाय. उंचावर, झुडपी उतारावर असेल आणि प्रत्येक पट्टीचं टोक तीन भागांत स्पष्ट विभागलेलं असेल तर व्हाइट टायडीटिप्स, लेया ग्लँड्युलोसा. जागा, उंची, पान आणि पट्टीचं टोक या खुणांवर हे तिघं वेगळे होतात.

पाच पाकळ्या

विंचवाच्या नांगीसारखी वळलेली फुलांची रांग दिसली, फुलं २-३ मिलिमीटरची, रोप खरखरीत केसाळ, तर ते क्रिप्टँथा किंवा त्यातूनच वेगळ्या काढलेल्या प्रजातींपैकी एक. इंग्रजीत यांना सरसकट फॉर्गेट-मी-नॉट किंवा पॉपकॉर्न फ्लॉवर म्हणतात. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: यांची जाती फुलावरून ठरत नाही. बी लागते. एका फुलातून जास्तीत जास्त चार बारीक बिया तयार होतात. त्या किती टिकल्या, गुळगुळीत आहेत की खडबडीत, चारही सारख्या की एक मोठी, यावर सगळा निकाल. जमिनीलगत पसरलेल्या रोपावर चार बिया फुलीसारख्या पसरलेल्या आणि कडांना दाते असतील तर ते पेक्टोकॅरिया, एवढं मात्र भिंगाने लगेच कळतं.

अशीच वळलेली रांग, पण रोप मांसल, निळसर हिरवं, अजिबात केस नाहीत, आणि जागा ओली-खारवट, तर हेलिओट्रोपियम कुरासाव्हिकम. आपल्या भुरुंडीच्या प्रजातीतलं.

पाच पाकळ्या तळाशी जुळून बारीक नळी झालेली, आणि कुक्षीला तीन फाटे, तर फ्लॉक्सचं कुळ. त्यातलं ईव्हनिंग स्नो, लिनँथस डायकॉटोमस, दिवसा बघितलं तर तपकिरी-जांभळट मिटलेल्या कळ्यांची काडी, आणि संध्याकाळी त्याच उतारावर पांढरा सडा. हे उतारांवर, थोडं उंचावर शोधा.

विशबोन बुश म्हणजे मिराबिलिस लेव्हिस, गुलबाक्षीची सख्खी. झुडूप बुटकं, चिकट, फांद्या दोन-दोन फुटत जातात. फुलं पांढरी ते फिकट गुलाबी, गुलबाक्षीसारखीच दुपार कलल्यावर उघडतात. तिच्यासारख्याच या पाकळ्या खऱ्या पाकळ्या नाहीत, रंगीत निदलं आहेत. गुलबाक्षी डोळ्यांसमोर आणा, निम्म्याहून लहान करा, रंग काढून टाका. झालं.

झुडूप उंच, फांद्यांची टोकं काटेरी, पाच गोलसर पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका, तर डेझर्ट अॅप्रिकॉट, प्रूनस फ्रिमॉन्टाय. हे सर्वांत आधी, जानेवारी-फेब्रुवारीतच फुलतं. त्यासाठी प्लम कॅन्यनला जावं.

पाचांच्या रांगेतच एक गमतीदार जोडी आहे. सँड ब्लेझिंग स्टार, मेन्टझेलिया इन्व्होल्युक्राटा, आणि घोस्ट फ्लॉवर, मोहाव्हिया कॉन्फर्टिफ्लोरा. दोन्ही फुलं फिकट सायीच्या रंगाची, रेशमी, वर तोंड करून उघडलेली. घोस्ट फ्लॉवरमध्ये मध नसतो. ते ब्लेझिंग स्टारच्या रूपावर मधमाशांना फसवून आपलं काम करून घेतं. माशी फसते, आपण फसायचं कारण नाही. आत डोकवा. पुंकेसरांचा दाट झुबका असेल तर ब्लेझिंग स्टार, तिथे दोनच पुंकेसर आणि पाकळ्यांवर तांबडे ठिपके असतील तर घोस्ट फ्लॉवर. शिवाय ब्लेझिंग स्टारची पानं खरखरीत असून कपड्यांना चिकटतात.

सहा पाकळ्या

सहा म्हणजे आधी डेझर्ट लिली, हेस्परोकॅलिस अंड्युलाटा. लांबट पांढरं फूल, प्रत्येक पाकळीच्या मागून एक निळसर-हिरवी पट्टी, पानं जमिनीलगत, लांब आणि कडा लाटांसारख्या वळलेल्या. फूल नसताना ही लाटदार पानंच ओळख देतात. कंद खोल असतो, कोरड्या वर्षी तो वर येण्याचे कष्ट घेत नाही. इथल्या मूळ रहिवाशांच्या आहारात हा कंद होता. नावात लिली असली तरी वनस्पतिशास्त्रज्ञ तिला आता घायपाताच्या जवळची मानतात.

सहा पाकळ्या, चुरगळलेल्या टिश्यूसारख्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा मोठा गोंडा, अंगभर काटे, तर काटेरी खसखस, आर्जेमोनी म्युनिटा. आपल्याकडे माळावर दिसणारा पिवळा धोत्रा याच प्रजातीतला, आणि तोही मूळचा अमेरिकेकडचाच. ही उंचावर, रस्त्याच्या कडेला, उन्हाळ्याच्या तोंडाशी भेटते.

नळी किंवा कर्णा

वीतभर लांबीचा पांढरा कर्णा हा धोत्राच. यात कुणा मराठी माणसाला सांगायला नको, आणि विषाबद्दलही नको, पण मुलं सोबत असतील तर सांगा, कारण शंकराला वाहायचं फूल म्हणून हात पुढे जातो. इथे दोन आहेत. दातुरा रायटाय मोठा, बहुवर्षायू, कडेला कधी जांभळी झाक. दातुरा डिस्कलर लहान, वर्षायू, कर्ण्याच्या आत घशाशी जांभळा, बोंडावरचे काटे लांब.

खडकालगत चिकट पानांचं रोप, बोटाच्या पेराएवढ्या हिरवट-पांढऱ्या नळ्या, तर डेझर्ट टोबॅको, निकोटियाना ऑब्ट्युसिफोलिया. पानाला नुसतं बोट लावून वास घेतला तरी ओळख पटते.

रांगांत न बसणारे थोडे उरतात. आकड्यासारखा मधला काटा असलेल्या छोट्या फिशहुक कॅक्टसच्या सायीच्या रंगाच्या फुलांच्या पाकळ्यांवर मधे गुलाबी रेघ असते. जमिनीवर सतरंजीसारखं पसरलेलं, मोडलं की दूध देणारं, बारीक पांढऱ्या झालरीचं सँडमॅट हे युफोर्बिया. आणि ‘व्हाइट रॅटनी’ नावाचं झुडूप शोधत पांढरं फूल बघत फिरू नका. तिचं पान राखाडी-पांढरट, फूल गडद जांभळट-तांबडं.

फसवे पांढरे

ड्यून प्रिमरोझ कोमेजताना गुलाबी होतं. त्यामुळे सकाळी ११ ला एकाच रोपावर पांढरी आणि गुलाबी फुलं दिसली तर त्या दोन जाती नव्हेत. उलट बाजूने, एरवी जांभळ्या किंवा निळ्या फुलणाऱ्या जातींत एखादं रोप पूर्ण पांढरं निघतं, सँड व्हर्बिनात आणि फॅसेलियात असं होतं. खात्री करायची तर आसपासची रोपं बघा. पान, लव, ठेवण सगळं शेजारच्या जांभळ्यासारखं आणि पांढरं फूल फक्त त्या एका रोपाला असेल तर नवी जाती सापडल्याचा आनंद आवरता घ्यावा.

फोटो आणि पडताळणी

पांढरं फूल दुपारच्या उन्हात फोनमध्ये नुसता उजळ डाग येतो. पडद्यावर पाकळीवरच बोट टेकवून उजेड कमी करा, शिरा दिसायला लागेपर्यंत. स्वतःची किंवा टोपीची सावली फुलावर पाडली तर आणखी बरं. समोरून एक फोटो पुरत नाही. फुलाची मागची बाजू, बाजूने देठासकट, बुडाची पानं, शेंग किंवा बी, आणि जमिनीसकट अख्खं रोप, शेजारी नाणं ठेवून, एवढं हवंच. चिकोरी-टॅकस्टेमचा वाद मागच्या फोटोने मिटतो, क्रिप्टँथाचा बीच्या फोटोने, प्रिमरोझचा कुक्षीच्या.

आयनॅचरलिस्टसारखं अॅप वापरायला हरकत नाही, पण पार्कच्या बऱ्याच भागांत मोबाइलला रेंज नसते, आणि अॅपने सुचवलेलं पहिलं नाव हा अंदाज असतो. ते नाव घेऊन घरी जेप्सन ई-फ्लोरा या संकेतस्थळावरची किल्ली, म्हणजे एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारी प्रश्नावली, चालवून बघा, ती कॅलिफोर्नियाच्या वनस्पतींसाठी सर्वांत भरवशाची. ही जाती या भागात, या उंचीवर नोंदलेली आहे का, हे कॅलफ्लोरा या संकेतस्थळावर कळतं. या वाळवंटात कधीच न नोंदलेलं नाव अॅपने दिलं असेल तर आधी अॅपवर शंका घ्या. प्रजातीपर्यंत पोचून थांबलात तरी नोंद कामाची असते. आणि हल्ली बऱ्याच शास्त्रीय नावांत फेरबदल झालेत, ब्राउन-आइज जुन्या पुस्तकात कॅमिसोनिया या नावाखाली मिळेल, काही क्रिप्टँथा आता जॉन्स्टोनेला झालेत. तेव्हा पुस्तक आणि संकेतस्थळ जुळलं नाही तर आधी समानार्थी नावं तपासा.

पाऊस चुकलेल्या वर्षी गेलात तर वाळूत वेळ घालवू नका. रस्त्याची कड धरून चाला. डांबरावर पडलेला थोडासा पाऊसही कडेला वाहून येतो आणि तिथल्या पट्ट्यात चिकोरी, पिनकुशन, धोत्रा हटकून उगवतात. मग प्लम कॅन्यनची अॅप्रिकॉटची झुडपं, वॉशच्या काठची विशबोन आणि खडकांतली रानतंबाखू बघा. मुळं खोल असलेली ही बहुवर्षायू झाडं एका हंगामाच्या पावसावर अडून बसत नाहीत.